आकाशाची कीर्द-खतावणी

हुबळी हे रेल्वेचे गाव. नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे आणि येथील स्थानकाचा १,५०७ मीटरचा फलाट २०२३ साली जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून प्रसिद्धीस आला. केशवापुरात वाढलेल्या मुलाला कोणती गाडी केव्हा जाते हे निराळे शिकवावे लागत नाही. परंतु डोक्यावरून दहा किलोमीटर उंचीवर पांढरी रेघ ओढीत जाणारे विमान कोणाचे, नेमके किती उंचीवर आणि किती वेगाने चालले आहे, असे विचारले तर जाणती माणसेही निरुत्तर होतात. वास्तविक ही सर्व माहिती ते विमान स्वतःच दर क्षणाला सांगत असते. ते ऐकणारे यंत्र घरच्या गच्चीवर बसविता येते. ते कसे बसवावे आणि जे ऐकू येते त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

विमानाने स्वतःविषयी बोलण्याची गरज का पडली, हे प्रथम पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. म्हणजे टाटांच्या विमान टपालाची पहिली वाट आपल्या गदग-होसपेटच्या पलीकडील बळ्ळारीवरून गेली. त्या विमानाला रेडिओची कसलीच मदत नव्हती. आकाश मोकळे होते म्हणून ते चालून गेले.

पुढे आकाशात गर्दी झाली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबावयास सांगितले होते. ते त्याखाली उतरले आणि समोरून १४,००० फुटांवर सौदी विमान येत होते. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकासमोर होते ते प्राथमिक रडार. असे रडार लहर सोडते व तिचा प्रतिध्वनी ऐकते. त्यावरून विमानाची दिशा व अंतर कळते, उंची कळत नाही. उंची सांगावी ती विमानानेच. दुय्यम रडार विमानाला प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. ती सोय तेव्हा तेथे नव्हती.

यापुढची पायरी म्हणजे ‘ऑटोमॅटिक डिपेंडंट सर्व्हेलन्स–ब्रॉडकास्ट’, थोडक्यात एडीएस-बी. या लांबलचक नावातच सारा अर्थ आहे. ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे कोणी न विचारता. ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे आकाशवाणीप्रमाणे सर्वांसाठी. आणि ‘डिपेंडंट’ म्हणजे परावलंबी: पाहणारा सर्वस्वी विमानाच्या सांगण्यावर अवलंबून असतो. विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ठरविते व ते सेकंदाला साधारण दोनदा १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित करते. हा तिसरा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

एक संदेश ११२ बिटांचा, म्हणजे ११२ शून्ये व एक यांचा असतो आणि तो सेकंदाच्या सुमारे आठ हजाराव्या भागात संपतो. त्यातील २४ बिटांत विमानाचा कायमचा क्रमांक असतो. हे क्रमांक देशवार वाटलेले आहेत. भारताच्या वाट्याला २,६२,१४४ क्रमांक आले असून षोडशमान पद्धतीत ते ८०, ८१, ८२ किंवा ८३ ने सुरू होतात. उरलेल्या भागात स्थान व उंची, किंवा वेग व दिशा, किंवा उड्डाणाचे नाव असते. शेवटचे २४ बिट पडताळ्याचे असतात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे सर्व ओळखीचे वाटेल. येतील तसे संदेश क्रमाने टिपणे ही कीर्द. त्यांतून प्रत्येक विमानाच्या क्रमांकाखाली त्याच्या नोंदी नेऊन मांडणे ही खतावणी. शेवटचे २४ बिट जुळतात की नाही हे पाहणे ही तेरीज. संगणकातील प्रोग्राम हेच कारकुनी काम सेकंदाला शेकडो वेळा करतो.

आता यंत्राकडे वळू. यास चार वस्तू लागतात: अँटेना, केबल, रिसीव्हर आणि संगणक.

अँटेनाची लांबी साध्या भागाकाराने निघते. रेडिओलहर सेकंदाला ३० कोटी मीटर जाते आणि १०९० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०९ कोटी आंदोलने. म्हणून एका लहरीची लांबी सुमारे २७.५ सेंटीमीटर आणि तिचा चतुर्थांश सुमारे ६.९ सेंटीमीटर. तांब्याची एवढी तार सरळ उभी आणि तिच्या पायाशी तेवढ्याच चार तारा चार दिशांना तिरप्या खाली वाकविलेल्या, एवढ्यावर अँटेना तयार होते. उभ्या तारेचा खालच्या तारांना स्पर्श होऊ देऊ नये. उभी तार केबलच्या मधल्या तारेला जोडावी आणि खालच्या चार तारा बाहेरच्या जाळीला.

केबलच्या बाबतीत काटकसर महागात पडते. या लहरी केबलमध्ये फार झिजतात. छत्रीच्या टीव्हीला वापरतात ती आरजी-६ केबल चांगली. तरीही १५ मीटरमध्ये निम्मी शक्ती जाते. म्हणून रिसीव्हर शक्यतो अँटेनाजवळच ठेवावा.

रिसीव्हर म्हणजे अंगठ्याएवढे यूएसबी उपकरण. त्यातील आरटीएल-२८३२यू ही चिप मुळात टीव्ही पाहण्यासाठी बनविलेली. तिच्यातून कच्चे रेडिओसंकेत थेट संगणकात घेता येतात हे हौशी तंत्रज्ञांनी दाखवून दिल्यावर २०१२ पासून या छंदाला बहर आला. त्या संकेतांतून संदेश वेचण्यासाठी साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने ‘डम्प१०९०’ हा प्रोग्राम लिहिला व सर्वांना फुकट दिला. आज त्याच्या सुधारित आवृत्त्या वापरात आहेत. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा जुना लॅपटॉप त्यास पुरतो. नुसते ऐकण्यासाठी इंटरनेटही लागत नाही.

जागा गच्चीवरची, चहूकडे मोकळी असावी. मात्र एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमू लागले, की केबल काढून ठेवावी. उंच उभी केलेली तार विजेलाही निमंत्रण देते.

किती लांबचे ऐकू येईल? या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून क्षितिजाचे बंधन पडते. विमानाच्या व अँटेनाच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढावीत, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. विमान १०,००० मीटरवर व अँटेना १६ मीटरवर असेल तर १०० अधिक ४, गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे ४२८ किलोमीटर. हुबळीहून बेंगळुरूचा विमानतळ सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून थोडा अधिक आणि मुंबईचा पावणेपाचशेच्या आसपास. तेव्हा या दोन शहरांमधील विमानाचा उंचावरील बहुतेक प्रवास केशवापुरातून टिपता येण्याजोगा आहे. उलट दाबोळीचा विमानतळ जेमतेम १४० किलोमीटरवर असूनही तेथे उतरणारे विमान शेवटच्या टप्प्यात नाहीसे होते. कारण ते क्षितिजाखाली जाते आणि मध्ये सह्याद्री उभा आहे.

नवशिक्याला आणखी एक कोडे पडेल. गोकुळ रस्त्यावरील आपल्या विमानतळावर उतरणारे विमान अगदी जमिनीलगत आले तरी पडद्यावर दोन हजारांहून अधिक फूट उंची दिसते. यात यंत्राचा दोष नाही. हुबळीची भूमीच समुद्रसपाटीपासून तेवढी उंच आहे आणि विमानाची नोंद हवेच्या दाबावरून, समुद्रसपाटीचा ठरीव दाब धरून केलेली असते.

येथे ‘परावलंबी’ हा शब्द पुन्हा आठवावा. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असे नव्हे, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवितात. नोंद मुळातच खोटी असेल तरी तेरीज जुळते. शेवटचे २४ बिट एवढेच सांगतात की संदेश वाटेत बिघडला नाही. संदेशातील मजकूर खरा आहे असे ते सांगत नाहीत. संदेशावर कोणाची सही-शिक्का नसतो. उपग्रहाच्या संकेतात कोणी खोटेपणा केला, तर विमान प्रामाणिकपणे चुकीचे स्थान सांगते. आणि जे बोलतच नाही ते दिसतही नाही. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या एमएच-३७० विमानाचा ट्रान्सपॉन्डर बंद होताच ते अशा सर्व पडद्यांवरून पुसले गेले, मात्र त्यानंतरही ते कित्येक तास उडत होते. म्हणून विमान नियंत्रणात रडार आजही ठेवलेले आहे. विमानाचे निवेदन ही कीर्द मानली, तर रडार हा तिचा लेखापरीक्षक होय.

शेवटी कायद्याविषयी. २०१० साली दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानांची नोंद घेणाऱ्या दोन ब्रिटिश हौशी प्रवाशांना अटक झाली होती व दंड भरल्यावर ते मायदेशी परतले. रेडिओयंत्र बाळगण्यासाठी परवानगीची तरतूद १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यात होती आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही आहे. म्हणून एकट्यादुकट्याने यंत्र मागविण्याआधी दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेस लेखी विचारावे. वैमानिक व नियंत्रक यांचे संभाषण ऐकण्याच्या फंदात मुळीच पडू नये.

याहून बरा मार्ग असा, की महाविद्यालयानेच रीतसर परवानगी घेऊन पदार्थविज्ञान विभागाच्या गच्चीवर एक अँटेना उभारावी. यंत्र विज्ञान शाखेने सांभाळावे आणि वही वाणिज्य शाखेने. दररोज प्रत्येक दिशेला ऐकू आलेले सर्वांत लांबचे विमान टिपले, तर वर्षाअखेर त्या आकड्यांतून हुबळीभोवतीचे रेडिओ-क्षितिज काढता येईल. सह्याद्रीची सावली त्यात किती खोल पडते, हे मग आपल्याच वहीवरून सांगता येईल.