आधी पाटाचा रस्ता, मग लडाख

समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्याच्या शिवारातून जातो. नागपूर–शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी, आणि ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. त्यावर चढायची सोय कोपरगावकरांच्या दाराशी आहे, पण दुचाकीला तिथे मज्जाव आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही तोच नियम. म्हणजे ज्याने तीन-साडेतीन लाख मोजून लांब पल्ल्याची, उंच, दणकट अ‍ॅडव्हेंचर टूरिंग मोटारसायकल घेतली आणि तिला एमएच १७ चा नंबर घेतला, त्याच्या वाट्याला जुनेच रस्ते उरतात. खड्ड्यांपायी वर्षानुवर्षं बदनाम झालेला नगर–मनमाड रस्ता, वैजापूर आणि येवल्याकडचे रस्ते, झगडे फाट्यावरून संगमनेरला निघणारा रस्ता, आणि गोदावरीच्या पाटांच्या कडेने जाणाऱ्या मातीच्या वाटा. लोकांना हे दुर्दैव वाटतं. मला ती सोय वाटते. ही गाडी मुळात अशाच रस्त्यांसाठी बनलेली आहे, आणि नव्या गाडीशी जुळवून घ्यायचं असेल तर तिचा पहिला हंगाम तालुक्यात आणि जिल्ह्यातच घालवावा, दूरचे बेत नंतर.

ही जात तशी फार जुनी नाही. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस ही गाडी आणली. डांबरावर लांब पल्ला मारायचा आणि डांबर संपल्यावरही अडायचं नाही, ही दोन कामं एकाच गाडीकडून घेण्याची कल्पना तिच्यापासून रुळली. दुसऱ्याच वर्षी तिने पॅरिस–डाकार शर्यत जिंकली. आपल्याकडे सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यातली अशी गाडी आली ती २०१६ मध्ये, रॉयल एनफिल्डची हिमालयन. मागोमाग २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००, २०२० मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यातून निघणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर आणि २०२३ च्या अखेरीस ४५२ सीसीची नवी हिमालयन. या शेवटच्या गाडीचे आकडे पाहा. पुढचं चाक २१ इंची, पुढच्या-मागच्या दोन्ही शॉकअपना खालीवर व्हायला २०० मिलिमीटरची मुभा, जमिनीपासून पोटापर्यंत २३० मिलिमीटरची मोकळी जागा. यातला एकही आकडा वेगासाठी नाही. मोठं चाक खड्ड्याच्या कडेवर कमी धक्क्याने चढतं, लांब शॉकअप खड्डा गिळतो, आणि पोट उंच असल्यामुळे दगड इंजिनाला लागत नाही. जाहिरातीत बर्फाची शिखरं दिसतात. खरेदीची पावती मात्र खड्ड्यांसाठीच फाडलेली असते, हे विकत घेणाऱ्याच्या ध्यानात येत नाही इतकंच.

जुळवून घेणं म्हटलं की पहिली चर्चा इंजिनाची होते. चौकातला प्रत्येक जाणकार सांगतो की पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, मग गाडी मोकळी होते. हा सल्ला अर्धा खरा आहे. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ठेवलेल्या असतात. जळणाऱ्या वायूच्या दाबाने पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर दाबल्या जातात, घासल्या जातात आणि हळूहळू तिच्याशी तंतोतंत बसतात. दाबच आला नाही, म्हणजे गाडी तासन्‌तास एकाच मंद गतीने रेटली, तर रिंगा बसण्याऐवजी भिंत गुळगुळीत होऊन बसते आणि पुढे ऑइल जळायला लागतं. उलट पहिल्याच आठवड्यात गाडी ताणली तर नको तितकी उष्णता होते. म्हणून पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाळून, पण त्या मर्यादेच्या आत गती आणि गिअर सतत बदलत चालवणं हा खरा उपाय. यावर आक्षेप येतो की आजकाल यंत्रं इतक्या काटेकोरपणे कातली जातात की हे सगळं जुनं झालं. काटेकोरपणा वाढला हे खरं, पण कंपन्यांनी नियम काढून टाकलेला नाही. रॉयल एनफिल्डची पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटरला आणि केटीएमची १००० ला ठेवलेली असते. त्या सर्व्हिसला बाहेर काढलेल्या ऑइलमध्ये धातूची बारीक चमक दिसते, ती उगाच नसते. शिवाय इंजिन हा एक भाग झाला. नव्या टायरचा गुळगुळीत पापुद्रा घासून जायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात, ब्रेकचे पॅड डिस्कवर बसायला थोडे दिवस लागतात, नवी चेन सुरुवातीलाच पटकन सैल पडते. आता शिर्डी ते सावळीविहीर, तिथून कोपरगावात शिरून येवल्याकडे, अशी एक फेरी डोळ्यांपुढे आणा. गतिरोधक, गर्दी, मोकळा पट्टा, पुन्हा खड्डे. गती आपोआप बदलत राहते. इंजिन मोकळं करायला याहून चांगला रस्ता कारखानदारालाही आखता आला नसता.

पण यंत्र हजार किलोमीटरमध्ये जुळतं, माणसाला फार जास्त वेळ लागतो, आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही. स्प्लेंडर ११२ किलोची असते, हिमालयन ४५० पेट्रोलसकट १९६ किलोची. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर, हिची ८२५ वर. चार सेंटिमीटर हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकणार की नुसते चवडे, हे त्यावर ठरतं. अशा गाड्या पहिल्यांदा पडतात त्या घाटात किंवा वेगात नव्हे, तर उभ्या उभ्या: उतरत्या कडेला, पंपावर, वळवून घेताना, पाय टेकवायला जावं तिथेच खळगा असल्यामुळे. वजन उंचावर असल्याने ती एका मर्यादेपलीकडे कलली की हाताने सावरत नाही. म्हणून थांबण्याआधी जमीन पाहायची सवय लावावी लागते. सीटवरून थोडं एका बाजूला सरकून एकच पाय पूर्ण टेकवण्याची लावावी लागते, आणि पडलीच तर उचलायची कशी हेही शिकावं लागतं. गिअर टाकायचा, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं आणि पायांच्या जोरावर मागे रेटत न्यायचं. कमरेच्या जोरावर उचलायला गेलं की कंबर जाते. हे सगळं घराशेजारच्या मैदानात करून पाहायचं, मित्र हसले तरी चालेल.

मागच्या शॉकअपचं दुसरं प्रकरण याहून दुर्लक्षित आहे. बहुतेक गाड्या शोरूममधून निघतात तेव्हा त्याच्या स्प्रिंगवरचं कडं मधल्या कुठल्या तरी खाचेवर असतं. ते चालवणाऱ्याच्या वजनाला साजेसं आहे का, हे कोणी पाहत नाही. तपासायला एक टेप आणि एक सोबती पुरतो. गाडी सरळ धरून, मागचं चाक पूर्ण खाली लोंबेल एवढी उचलून, आसापासून वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग हेल्मेट-जॅकेटसह गाडीवर बसून तेच अंतर पुन्हा मोजा. २०० मिलिमीटरच्या शॉकअपवर गाडी साधारण ५० ते ६५ मिलिमीटर बसली पाहिजे. त्याहून जास्त बसत असेल तर पान्याने कडं फिरवून ती वर घ्यावी. अनेकांना वाटतं की कडं आवळल्याने स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडीची बैठक वर येते. हे कोपरगावात महत्त्वाचं का? कारण इथे ही गाडी एकट्याची क्वचितच राहते. मागे बायको आणि पेट्यांमध्ये सामान घेऊन निघालं की मागची बाजू दबते आणि हेडलाइटचा झोत वर जातो. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांत तो थेट शिरतो, आणि अंधारात त्याच्या दोन ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध येतात. कड्याच्या दोन-तीन खाचांनी हे टळतं.

उसाच्या ट्रॉल्यांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्या काळात तालुक्यातले रस्ते म्हणजे शिकवणीच. पुढे मागचा लाल दिवा नसलेली ट्रॉली, बाजूने बैलांची टायरगाडी, रस्त्यावर सांडलेली उसाची टिपरं, आणि शेतातून चाकांबरोबर आलेली ओली काळी माती. टिपरू चाकाखाली गोल फिरतं, त्यावर ब्रेक दाबला तर चाक सरकतं. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, ते चाक अडकू देत नाही. पण निसरड्यावर थांबायला लागणारं अंतर काही त्याने कमी होत नाही, ते चालवणाऱ्यालाच आधी ओळखावं लागतं. काही अ‍ॅडव्हेंचर गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं. सैल खडीच्या उतारावर त्याचा उपयोग आहे, डांबरावर अजिबात नाही. काळ्या मातीचा आणखी एक गुण असा की ओली झाली की ती चाक आणि मडगार्डमधल्या फटीत भरते आणि चाकच जाम करते. असल्या चिखलात अ‍ॅडव्हेंचर गाडी आणि स्प्लेंडर सारख्याच अडतात, जाहिरात काहीही म्हणो. त्यापेक्षा नांदूरमध्यमेश्वरहून येणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांच्या कडेची कोरडी वाट सरावाला उत्तम. फूटरेस्टवर उभं राहून, गुडघे किंचित वाकवून, वीस-पंचवीसच्या गतीने जायचं. उभं राहिलं की वजन हातांतून पायांत जातं, गाडी खाली हलते आणि माणूस स्थिर राहतो. उभ्याने मनगटं वाकडी होत असतील तर लिव्हर थोडे खाली फिरवून घ्यायचे. वाटेवर शेतकऱ्याची बैलगाडी, शेळ्या, पाळीला आलेला माणूस असतो. धुरळा उडवत जाणाऱ्याला तो शिव्या देतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

ज्यांना डोंगर हवाच आहे त्यांना जिल्ह्याबाहेरही जावं लागत नाही. संगमनेर, अकोले, राजूर करत शंभरेक किलोमीटरवर भंडारदरा, जवळच बारी गावाच्या डोक्यावर १६४६ मीटरचं कळसूबाई, पलीकडे जिल्ह्याची चेरापुंजी म्हणवणारं घाटघर. अवर्षणातल्या काळ्या रानातून निघून सह्याद्रीच्या मुसळधार पट्ट्यात एका दिवसात पोचता येतं. ऊन, वारा, धुकं, घाटातली वळणं, शेवाळलेला रस्ता असा सगळा अभ्यासक्रम एकाच जिल्ह्यात मिळतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की तालुक्यातच फिरायचं तर ही गाडी घ्यायचीच कशाला, स्प्लेंडरवरून लोक याच रस्त्यांनी कधीपासून फिरतात. आक्षेप खरा आहे आणि त्याला वळसा घालण्यात अर्थ नाही. रोजच्या दहा किलोमीटरसाठी ही गाडी उधळपट्टीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो, तेव्हा ती आणखीच महाग पडते. पण ज्याला महिन्यातून दोनदा दोघांनी मिळून तीनशे किलोमीटर जायचं आहे, त्याला त्याच खड्ड्यांतून संध्याकाळी पाठ शाबूत घेऊन परतता येणं हा खरा फरक आहे, आणि तो लडाखला न जाताही वसूल होतो. दुसरा आक्षेप स्वप्नाचा. लांब जाण्याची हौस कोपरगावला नवी नाही. ज्यांच्या मोहिमेत १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या, त्या रघुनाथरावांचा शेवटही १७८३ मध्ये कोपरगावातच झाला. लेह इथून दोन हजार किलोमीटरहून लांब आहे. जरूर जावं. पण पंक्चर झालेल्या तारांच्या चाकातली ट्यूब बदलणं, चेन ताणणं आणि लादलेली गाडी उताराला थांबवणं आधी झगडे फाट्यावर जमलं पाहिजे, कारण तिथे मदत पाच मिनिटांवर आहे.

राहिला सामानाचा मोह. गाडी घरी येऊन आठवडा होत नाही तोच पेट्या, जाळ्या, चार-चार जादा दिवे आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर अशी यादी तयार होते. सायलेन्सर आणि डोळे दिपवणारे दिवे कायद्यात बसत नाहीत. नोंदणीपत्रातल्या माहितीशी विसंगत ठरणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मना केलेले आहेत. पेट्यांचं वजन नेमकं मागे आणि उंचावर पडतं, म्हणजे जी गोष्ट नव्या मालकाला आधीच जड जाते तीच वाढते. इंजिनखालची पत्र्याची ढाल आणि हातांवरचे गार्ड मात्र घ्यावेत, कारण पहिल्या वर्षात गाडी पडणारच. उरलेले पैसे आयएसआयचं चांगलं हेल्मेट, उन्हाळ्यातही घालवेल असं जाळीचं जॅकेट, घोट्यावर येणारे बूट, हवा मोजायचं यंत्र आणि दोन ट्यूब यांवर घालावेत. पेट्या पुढच्या दिवाळीत घ्या. तोवर दोघांचं मिळून नेमकं किती सामान लागतं हे कळलेलं असेल, आणि बहुतेकांना ते एका पिशवीत मावतं.