तांड्यावरचं पोर गप्प का बसतं?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या अनेक तांड्यांवर घरात बंजाऱ्यांची गोरमाटी चालते, बाजारात वऱ्हाडी, टीव्हीवर हिंदी आणि पहिलीच्या पुस्तकात प्रमाण मराठी. शाळेत नुकतं नाव घातलेलं पोर वर्गात तोंड उघडत नाही, तेव्हा गावाचं निदान तयारच असतं: दोन भाषांनी डोक्यात घोळ झाला, आता घरीही मराठीच बोला.

घोळ झालेला नसतो. एकाच वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणं हे गोंधळाचं लक्षण नव्हे. मोठी माणसंही तेच करतात. दोन-अडीच वर्षांचं मूल समोर कोण आहे ते पाहून भाषा निवडू लागतं. त्याला एकेका भाषेतले शब्द थोडे कमी येत असतील, पण दोन्हींची बेरीज केली की ते एकभाषी मुलांच्या मागे नसतं. मॉन्ट्रियलमध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी 1962 मध्ये दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली, तेव्हा दुभाषी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत सरस ठरली. फायदा नेमका किती, यावर पुढे बरेच वाद झाले. पण दोन भाषांमुळे बुद्धी मंदावते ही जुनी समजूत तेव्हापासून टिकलेली नाही.

उलट ‘घरी मराठीच बोला’ हा सल्लाच मला घातक वाटतो. ज्या याडीची (आईची) मराठी बाजारहाटापुरती आहे, तिनं गोष्ट, रागावणं, लाडीगोडी सगळं त्याच तुटपुंज्या भाषेत केलं, तर पोराच्या कानावर पडणारी भाषाच आटते. मुलाची पहिली भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधारानं उभी राहते. युनेस्कोनं 1953 मध्ये आणि आपल्या शिक्षण धोरणानं 2020 मध्ये सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेत असावं असं सांगितलं, ते उगाच नाही.

गोरमाटी म्हणजे मोडकी मराठी, हाही एक समज. ती राजस्थानी गटातली स्वतंत्र भाषा आहे. स्वतःची लिपी नाही, आणि जनगणनेत ती हिंदीखाली मोजली जाते, म्हणून कागदावर दिसत नाही एवढंच. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत तेलंगणा-कर्नाटकातून आलेली माणसं इथल्या माणसांशी याच भाषेत बोलतात. वऱ्हाडीचंही तसंच. ‘मले’, ‘तुले’, ‘डोये’, ‘जाऊन राहिला’ ही रूपं ढिसाळ जिभेतून येत नाहीत. ‘-ला’च्या जागी ‘-ले’, ‘ळ’च्या जागी ‘य’ हे नियम मूल चोख पाळतं. (वाशीमला दोन भाषांचं वावडं पूर्वीपासूनच नव्हतं. इथं सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे.)

मूल नुसती नक्कल करून भाषा शिकतं, हा समज तर मुलंच खोडून काढतात. ‘बाबा येला’ असं म्हणणाऱ्या पोरानं ते कुणा मोठ्याकडून ऐकलेलं नसतं. ‘बसला’, ‘उठला’ यांवरून त्यानं स्वतः नियम काढलेला असतो. अशी चूक म्हणजे प्रगतीची खूण. रागावून सुधारू नये. ‘हो, बाबा आला’ एवढं म्हणणं पुरतं.

शिकणं तर बोलण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी 1984 मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक ओळखतात आणि वर्षाची होईपर्यंत तो विसरतात. घरात जे ध्वनी लागत नाहीत, ते कान सोडून देतो. मग मोबाईल लावून दिला की भाषा येईल? पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसलेल्या माणसाकडून चिनी ध्वनी शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत.

एका बाबतीत मात्र थांबू नये. ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ म्हणत जिभेला वेखंड लावत बसण्यात मोलाचे महिने जातात. वर्षभरात बडबड नाही, दीड वर्षाच्या आसपास एकही शब्द नाही, दोन वर्षांनंतर दोन शब्द जोडता येत नाहीत, तर आधी कान तपासावेत, मग घरात भाषा एक असो की तीन. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं. बहिरेपणा आणि भाषेतला उशीर दोन्ही त्यांच्या यादीत आहेत, आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी तिथूनच मिळते.