एक शेंगदाणा, ३५ हजार फुटांवर

शेंगदाण्याशिवाय एक दिवस काढून दाखवा. खरंच, ट्राय करा. सकाळच्या पोह्यांत दाणे, उपवासाच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्याचा तर जीवच त्यात. प्रवासाला निघालं की चिक्की, जेवायला बसलं की चटणी. आपल्या बारामती-इंदापूरकडच्या स्वयंपाकघरात कुटाचा डबा मिठाच्या शेजारीच असतो. आता कल्पना करा, की यातलं चमचाभर पोटात गेलं आणि काही मिनिटांत तुमचा घसा आवळायला लागला.

सांगवीत माझी मावशी राहते. पिंपरी-चिंचवडजवळची सांगवी नाही हं. आमची बारामती तालुक्यातली, नीरा नदीच्या काठची. मावशीच्या मुलीला, म्हणजे माझ्या ताईला, लहानपणापासून शेंगदाण्याची सिव्हिअर ॲलर्जी आहे. लग्नकार्यात ती स्वतःचा डबा उघडून बसते आणि पंगतीतली कुणीतरी आजी हमखास म्हणते, ‘अगं, एवढ्याशा कुटानं काय होतंय? सवय केली की होतं सगळं.’ ताईनं आता वाद घालणं सोडून दिलंय. गेल्या वर्षी तिला दिल्लीत इंटरव्ह्यू आला आणि पहिल्यांदा विमानात बसायची वेळ आली. पंगतीतल्या आजीला कसं टाळायचं हे तिला पाठ होतं. एअरलाइनला काय विचारायचं, हे मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आधी हे समजून घेऊ, की ॲलर्जी म्हणजे नखरे नाहीत आणि ॲसिडिटीही नाही. शरीराची प्रतिकारशक्ती शेंगदाण्यातल्या प्रोटीनला शत्रू समजते आणि सगळ्या शरीरभर एकदम हल्ला करते. अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वास अडकतो, ब्लड प्रेशर धाडकन खाली येतं. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं आणि लगेच द्यायचं. सेटिरिझिनच्या गोळीनं खाज थांबेल, बंद होणारी श्वासनलिका उघडणार नाही. सांगवीत असं झालं तर गाडी काढून बारामतीचा दवाखाना गाठता येतो. विमानात गाडी कुठून काढणार?

१७ जुलै २०१६ ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नताशा एडनान-लापेरूज या १५ वर्षांच्या मुलीनं ‘प्रेट अ मांजे’ या दुकानातून एक सँडविच घेतलं. तिला तिळाची ॲलर्जी होती. तिनं पाकीट पाहिलं, त्यावर तिळाचा उल्लेख नव्हता. तीळ पावाच्या कणकेतच मळलेले होते. दुकानातच तयार झालेल्या पदार्थावर सगळे घटक छापायची सक्ती तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यात नव्हती. ब्रिटिश एअरवेजच्या नीसला जाणाऱ्या विमानात तिला त्रास सुरू झाला. वडिलांनी दोन ऑटो-इंजेक्टर वापरले. मदतीला धावलेला डॉक्टर नुकताच पास झालेला होता. नताशा त्याच दिवशी गेली. पुढे तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये ‘नताशाज लॉ’ लागू झाला. आता तिथे दुकानातच बनवून पॅक केलेल्या पदार्थावरही सगळे घटक लिहावे लागतात.

हे वाचून ‘विमानात दाण्यांवर बंदीच आणा’ असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीनं यावर एक अभ्यास करवून घेतला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आलेली गोष्ट वेगळीच आहे. कुणीतरी चार रांगा पुढे दाण्यांचं पाकीट फोडलं आणि विमानाच्या हवेतून ते प्रोटीन तुमच्यापर्यंत आलं, याला पुरावा सापडत नाही. केबिनमधली हवा दर तीन-चार मिनिटांनी बदलते, फिल्टरमधून जाते. खरा धोका हाताला लागतो. आधीच्या प्रवाशानं ज्या ट्रे टेबलवर दाणे खाल्ले, ते टेबल, सीटचा पट्टा, समोरच्या स्क्रीनवरचे तेलकट ठसे. तिथून बोटांना, बोटांवरून तोंडात. त्याच अभ्यासानुसार जमिनीपेक्षा विमानात अशा रिॲक्शन १० ते १०० पटींनी कमी होतात. एक शक्यता अशी, की विमानात बसताना ही माणसं जास्त जपून असतात, बरेच जण तिथलं काही खातच नाहीत.

म्हणजे सगळ्यात उपयोगी गोष्ट कोणती? ओल्या वाइप्सचं एक पाकीट आणि सीट पुसायला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी अमेरिकेत भांडावं लागलं. २०१९ मध्ये तिथल्या वाहतूक खात्यानं अमेरिकन एअरलाइन्सला बजावलं, की सिव्हिअर नट ॲलर्जी असलेल्या प्रवाशानं मागितलं तर त्याला इतरांच्या आधी विमानात सोडलंच पाहिजे. कॅनडात २०२० पासून नियम आहे, की मागणी केली तर अशा प्रवाशाच्या सीटभोवती ‘बफर झोन’ करायचा आणि त्याच्या रांगेतल्या लोकांना ॲलर्जीची कल्पना द्यायची. युरोपात १४ ॲलर्जनची माहिती द्यावी लागते, पाकिटातल्याच नव्हे तर सुट्या पदार्थाचीही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे एफएसएसएआयचे २०२० चे लेबलिंगचे नियम आहेत. त्यानुसार पॅकबंद पदार्थावर ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे प्राणी, शेंगदाणे आणि इतर नट्स, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. या यादीत तीळ नाहीत. संक्रांत साजरी करणाऱ्या देशात! अमेरिकेनंही १ जानेवारी २०२३ पासून तीळ यादीत घेतले. विमानात मिळणाऱ्या पाकिटाच्या मागे हे बारीक अक्षरांतलं लेबल असतं, ते वाचता येतं. गरम ट्रेमधल्या भाजीचं काय? त्यासाठी केबिन क्रूला विचारावं लागतं, आणि क्रूनं ती भाजी केलेली नसते.

ताईचा अनुभव ऐका. ज्या एअरलाइनचं तिकीट काढलं, तिच्या कस्टमर केअरला तिनं फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी प्रेमानं म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही जैन मील घ्या ना.’ जैन मीलमध्ये कांदा, लसूण, बटाटा नसतो. दाणे खुशाल असू शकतात. दुसऱ्यांदा फोन केला तर वेगळीच मुलगी बोलली, ‘आम्ही नट-फ्री जेवणाची किंवा नट-फ्री विमानाची गॅरंटी देऊ शकत नाही.’ मावशी भडकली. मला विचाराल तर हे दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक होतं. शंभर-दीडशे लोकांच्या बॅगेत काय आहे, याची हमी कोण देणार? बॅगेत बाकरवडी आणि चिक्की घेऊन निघालेली आपलीच माणसं असतात. पण ‘गॅरंटी नाही’ या वाक्यावर एअरलाइनचं काम संपतं, हे मला पटत नाही. जेवणात काय आहे ते लेखी सांगणं, दोन मिनिटं आधी आत सोडणं, शेजारच्या दोघांना विनंती करणं, यातलं काहीच महाग नाही. व्हीलचेअरबद्दल आपल्याकडे नियम आहेत, कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग आहे. फूड ॲलर्जीसाठी तसा वेगळा नियम नसल्यामुळे सगळं समोरचा क्रू मेंबर किती समजूतदार आहे, यावर जातं. ताईच्या नशिबानं तिला समजूतदार मिळाली. प्रत्येकाला मिळेलच असं नाही.

इंजेक्शनचा घोळ तर आणखी वेगळा. परदेशी सिनेमात दिसतं तसं पेनसारखं ऑटो-इंजेक्टर आपल्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. मिळतो तो ॲड्रेनालिनचा छोटा काचेचा अँप्यूल. तो स्वस्त आहे, पण तो फोडून सिरिंजमध्ये बरोबर डोस भरायचा आणि तोही स्वतःचा श्वास अडकलेला असताना, हे सोपं नाही. म्हणून डोस किती, तो कसा भरायचा, कुणी द्यायचा, हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या आणि सोबत प्रवास करणाऱ्यालाही शिकवा. ताईनं मावशीकडून पाण्याच्या सिरिंजनं संत्र्यावर प्रॅक्टिस करून घेतली होती. औषध चेक-इन बॅगेत टाकू नका. डोक्यावरच्या कप्प्यातही नको. पायाशी, हाताला येईल असं ठेवा. सिरिंज आहे म्हटल्यावर सिक्युरिटीला प्रश्न पडणारच, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, नाव आणि औषधासकट घ्या.

आता समजा ही ॲलर्जी तुम्हाला नाही, शेजारच्या सीटवरच्या अनोळखी मुलाला आहे आणि त्याला धाप लागली. कॉल बटण दाबा आणि पहिलंच वाक्य स्पष्ट म्हणा: ‘ॲनाफिलॅक्सिस आहे, ॲड्रेनालिन हवंय.’ नुसतं ‘बरं वाटत नाहीये’ म्हटलं तर पाण्याचा ग्लास येईल. त्याच्याकडे स्वतःचं औषध असेल तर ते आधी, वाट न बघता. नसेल तर विमानातला इमर्जन्सी मेडिकल किट मागा आणि डॉक्टरसाठी घोषणा करायला सांगा. शंभराहून जास्त सीट आणि दोन तासांहून लांबचा प्रवास असेल, तर आंतरराष्ट्रीय मानकांनुसार असा किट विमानात असायला हवा आणि त्याच्या यादीत ॲड्रेनालिन आहे. तो डॉक्टर किंवा प्रशिक्षित माणसानं वापरायचा असतो. पुणे-दिल्ली या दोन तासांच्या काठावरच बसतं, म्हणून स्वतःचं औषध जवळ असणं बरं. त्याला उभं करू नका, चालवत टॉयलेटपर्यंत नेऊ नका. आडवं झोपवून पाय वर घ्या. श्वास घेता येत नसेल तर पाय समोर पसरून बसवा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागतो. बरं वाटलं तरी उतरल्यावर दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

ताई इंटरव्ह्यू देऊन सुखरूप परत आली. सीट पुसली, घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या, विमानातलं पाणीसुद्धा बंद बाटलीतलं घेतलं. नोकरी लागली आहे आणि आता वर्षातून दोन-तीन वेळा तरी दिल्ली होणार. तिनं त्याच एअरलाइनला मेल टाकलाय, तीन प्रश्नांचा: तुमच्या जेवणात काय असतं ते लेखी मिळेल का, मला सीट पुसायला आधी सोडाल का, आणि किटमधलं ॲड्रेनालिन काढायला तुमच्या क्रूला किती वेळ लागतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आली आहेत. तिसऱ्यासाठी ‘संबंधित विभागाकडे पाठवलं आहे’ असं कळवलंय.