आडनाव इन्नोचेंती, पत्ता फ्लोरेन्स

आजोबांच्या लॅम्ब्रेटामागे एक इटालियन आडनाव होतं. त्याचा माग काढत गेलं की आपण पोचतो जवळजवळ सहाशे वर्षांपूर्वीच्या एका दारापाशी. त्या दारात आईचं नाव सुटायचं आणि बाळाला नवं आडनाव मिळायचं...

आमच्या घरी आजोबांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. पांढरा शर्ट, केसांचा चापून पाडलेला भांग आणि लॅम्ब्रेटाला टेकून दिलेली एकदम हीरो पोझ. पेट्रोल संपेपर्यंत ती स्कूटर बंद पडली नाही, असं ते अजून छातीठोकपणे सांगतात. एकदा सहज त्या स्कूटरचा इतिहास शोधायला बसले आणि एक नाव सापडलं : फेर्दिनांदो इन्नोचेंती. जन्म १८९१, तोस्कानामधलं पेशिया गाव. स्टीलच्या पाइपच्या धंद्यात नाव कमावलेल्या या माणसाने दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या लांब्राते भागातल्या कारखान्यात स्कूटर बनवायला घेतली. १९४७ मध्ये ती बाजारात आली. लांब्रातेची म्हणून लॅम्ब्रेटा! पुढे मुंबईत भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया कंपनीत ती जोडली जायला लागली आणि आपल्या रस्त्यांवर आली.

पण मी अडकले ती आडनावाशी. इन्नोचेंती म्हणजे निष्पाप. एखाद्या कारखानदाराचं आडनाव चक्क 'निष्पाप' कसं असेल? आपल्याकडे कसं, कुलकर्णी म्हटलं की वतन कळतं, सोनार म्हटलं की धंदा कळतो, नाशिककर म्हटलं की गाव कळतं. इटलीतही बहुतेक आडनावांचं असंच आहे. फेर्रारी म्हणजे लोहार, रोस्सी म्हणजे तांबूस केसांचा. मग हे 'निष्पाप' आलं कुठून?

उत्तर आहे फ्लोरेन्समध्ये, आणि ते वाचल्यावर थोडं गप्प व्हायला होतं.

इमारतीचं नाव झालं आडनाव

फ्लोरेन्सला गेलेल्या कुणाही मित्राचा अल्बम बघा. सान्तिस्सिमा अनुन्झियाता चौकातली एक देखणी कमानींची इमारत त्यात हमखास असते. कमानींच्या वर निळ्या गोलात पांढरीशुभ्र, दुपट्यात गुंडाळलेली बाळं. ती घडवली आंद्रेआ देल्ला रोब्बिया याने. इमारतीचं डिझाइन फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचं. हो, तोच फ्लोरेन्सच्या कथेड्रलचा जगप्रसिद्ध घुमट बांधणारा. काम सुरू झालं १४१९ मध्ये आणि पैसा दिला शहरातल्या रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने.

हे आहे ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती, म्हणजे निष्पापांचं रुग्णालय. बायबलमध्ये हेरोद राजाने बेथलेहेममधली तान्ही मुलं मारल्याची कथा आहे. त्या निष्पाप बाळांच्या नावाने हे घर उभं राहिलं. मात्र इथे पेशंट नव्हते. इथे यायची ती टाकून दिलेली मुलं. ५ फेब्रुवारी १४४५ या दिवशी पहिलं बाळ आलं. मुलगी होती. त्या दिवशी संत आगाताचा सण होता, म्हणून तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा.

इथे वाढलेल्या मुलांची ओळख काय? बाप माहीत नाही, आई माहीत नाही, गाव माहीत नाही. माहीत असायचं फक्त दार. मग दाराचंच नाव त्यांना चिकटलं. कुणी देल्यी इन्नोचेंती म्हणजे 'निष्पापांपैकी' झाला, कुणी नुसता इन्नोचेंती. त्याचीच बोली रूपं नोचेंती आणि नोचेंतीनी. आजही ही आडनावं तोस्कानाच्या आसपासच जास्त सापडतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. आजचा प्रत्येक इन्नोचेंती अनाथाश्रमातल्या मुलाचाच वंशज असेल असं नाही. इन्नोचेंझो हे मुलाचं नावही इटलीत जुनं आहे आणि त्यावरूनही आडनाव बनू शकतं. स्कूटरवाल्या फेर्दिनांदोच्या खापरपणजोबांबद्दलही म्हणूनच छातीठोक काही सांगता येत नाही.

चाक फिरायचं, घंटा वाजायची

फ्लोरेन्समध्ये बाळ ठेवायला जाळीची खिडकी होती. इतर अनेक शहरांत होतं 'रुओता', म्हणजे चाक. भिंतीत उभं बसवलेलं एक पोकळ लाकडी पिंप. रस्त्यावरून बाळ त्यात ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि अंधारात निघून जायचं. आतल्या बाजूला कुणीतरी बाळ उचलून घ्यायचं. देणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्याला दिसायचा नाही, आणि तीच त्यामागची कल्पना होती.

असं सर्वात गाजलेलं चाक नेपल्सच्या अनुन्झियातामध्ये होतं. आजही ते भिंतीत बघायला मिळतं. तिथल्या मुलांना लोक 'मदोन्नाची लेकरं' म्हणायचे. किती सुंदर! पण वहीत आडनाव पडायचं एस्पोझितो. लॅटिन 'एक्स्पोझितुस'वरून आलेलं. अर्थ : बाहेर ठेवलेला.

'ब्रेकिंग बॅड'मधला थंड डोक्याचा गस फ्रिंग आठवतोय? तो साकारणारा जानकार्लो एस्पोझितो. त्याचे वडील नेपल्सचे.

रोममध्ये अशा मुलांना प्रोयेत्ती म्हणायचे, म्हणजे टाकलेले. इटलीचा लाडका नट जीजी प्रोयेत्ती (१९४०-२०२०) रोमचाच. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचं चिन्ह होतं कबुतर, इटालियनमध्ये कोलोंबा, म्हणून तिथली मुलं झाली कोलोंबो. म्हणजे आडनाव बघून कुठल्या शहराच्या दारात बाळ ठेवलं होतं, याचा अंदाज बांधता यायचा. एका अर्थी तो पिनकोडच.

पण हा पिनकोड आयुष्यभर कपाळावर राहायचा. नोकरी मागायला जा, लग्नाचं बोलणं करा, आडनाव सांगितलं की समोरच्याला सगळं कळायचं.

एक कॉमन, एक एकटं

शेवटी हे सरकारलाही खटकलं. नेपल्समध्ये जोआकिम म्यूरा राजा असताना १८१४ मध्ये मुलांना एस्पोझितो हे आडनाव द्यायला बंदी आली. मिलानमध्ये सरसकट कोलोंबो देणं १८२५ मध्ये थांबलं. नियम बदलला : प्रत्येक मुलाला वेगळं, जन्माचा सुगावा न लागणारं आडनाव द्यायचं. आता विचार करा, रोज बाळं येतायत आणि कारकुनाला रोज नवं आडनाव शोधायचंय. ऋतू, झाडं, फुलं, दूरची गावं, जे सुचेल ते. एकेका मुलापुरतं आडनाव तयार व्हायला लागलं.

इटालियन आडनावांच्या आजच्या नकाशात ही दोन टोकं स्पष्ट दिसतात. एस्पोझितो हे नुसतं वर्णन होतं. एकाच संस्थेचं नाव नव्हतं. त्यामुळे ते दक्षिणेत गावोगावी दिलं गेलं. आज ते नेपल्समधलं सर्वात कॉमन आडनाव आहे आणि अख्ख्या इटलीत पहिल्या पाचांत मोजलं जातं. इन्नोचेंती एका विशिष्ट घराशी जोडलेलं राहिलं, म्हणून ते मुख्यतः तोस्कानाचं. आणि बंदीनंतर एकेका मुलासाठी घडवलेली आडनावं? ती सुरूच झाली एका माणसापासून. त्यातली काही आज एखाद-दुसऱ्या कुटुंबातच उरली असतील.

एखादा इटालियन 'आमचं आडनाव फार रेअर आहे हं' असं कॉलर ताठ करून सांगतो, तेव्हा त्यामागे खानदानी वाडाही असू शकतो आणि एका दमलेल्या कारकुनाचं टेबलही!

आडनाव संपतं कसं?

या प्रश्नाने व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजांनाही झोप येत नव्हती. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या दोघांनी १८७४ मध्ये त्याचं चक्क गणित मांडलं. सोपं करून सांगायचं तर असं : आडनाव फक्त मुलाकडून पुढे जातं. एका माणसाला दोन मुलगे, एकाला एक, एकाला एकही नाही. सरासरी एक जरी धरली, तरी दर पिढीत काही फांद्या गळतात. आडनाव हजार घरांत असेल तर दहा फांद्या गळल्याचं काही वाटत नाही. एकाच घरात असेल तर एक पिढी मुलींची झाली की खेळ खल्लास.

आता यात टाकलेल्या मुलांचं नशीब मिळवा. त्यांच्यातली बरीच पहिलं वर्षही ओलांडायची नाहीत. फ्लोरेन्सच्या घरात सुरुवातीच्या दशकांत मुलांपेक्षा मुली जास्त यायच्या, कारण हुंड्याचा धाक तिथेही होता. मुली जगल्या, वाढल्या, संसार केले, पण त्यांचं आडनाव पोरांना लागलं नाही. म्हणजे ज्यांना आडनावाची सर्वात जास्त गरज होती, त्यांचंच आडनाव सर्वात कच्च्या दोरीवर होतं.

आणि आज? २०२४ मध्ये इटलीत एका बाईमागे सरासरी १.१८ मुलं जन्मली. गाल्टनच्या गणितासाठी ही फारच वाईट बातमी.

आईचं आडनाव

फ्लोरेन्सची खिडकी आणि नेपल्सचं चाक दोन्ही १८७५ मध्ये बंद झाली. १९२३ मध्ये देशभरातच चाकं रद्द झाली. पण शिक्का गेला नाही. पुढेही कागदपत्रांवर आईबापाच्या जागी 'एन. एन.' लिहिलं जायचं. नाव माहीत नाही, या लॅटिन शब्दांचं ते लघुरूप. शाळेचा फॉर्म भरतानाही सगळ्या वर्गाला कळायचं. १९५५ च्या कायद्याने रोजच्या कागदपत्रांवरून आईबापाचा रकानाच काढून टाकला, तेव्हा कुठे अनेकांनी मोकळा श्वास घेतला.

आजही इटलीत आई नाव न सांगता हॉस्पिटलमध्ये बाळाला जन्म देऊ शकते. अशा बाळाला नाव आणि आडनाव नोंदणी अधिकारी देतो. २००० च्या नियमांत त्याला स्पष्ट तंबी आहे : मुलाच्या जन्माची गोष्ट कळेल असं आडनाव नको, इतिहासातलं मोठं आडनाव नको आणि त्या गावातल्या नामवंत घराण्याचंही नको. थोडक्यात, चारचौघांत मिसळून जाईल असं द्या. पाच शतकं लागली हे एक वाक्य लिहायला!

दुसरा धक्का एप्रिल २०२२ मध्ये आला. बाळाला आपोआप बापाचंच आडनाव लागणं घटनाविरोधी आहे, असा निकाल इटलीच्या घटना न्यायालयाने दिला. आता दोघांचीही आडनावं लागतात, क्रम आईबाप ठरवतात, आणि दोघांची संमती असेल तर एकच ठेवता येतं. याआधी मिलानचं एक जोडपं मुलीला आईचं आडनाव देण्यासाठी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं होतं आणि २०१४ मध्ये जिंकलं होतं. आडनाव पुढे न्यायला घरात मुलगाच हवा, ही अट आता उरलेली नाही. एखादं एकटं आडनाव एकुलत्या एका मुलीच्या जिवावरही तगू शकतं.

अर्धं पदक

ब्रुनेलेस्कीच्या त्या इमारतीत आता म्युझियम आहे. तिथे भिंतीत छोटे छोटे ड्रॉवर आहेत. ओढला की आत एखादं अर्धं तोडलेलं पदक, मणी, कापडाचा तुकडा. बाळ सोडताना आयांनी त्याच्याबरोबर ठेवलेल्या खुणा या. उरलेलं अर्धं पदक आई स्वतःजवळ ठेवायची. कधी दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून 'हे माझं' म्हणता येईल, या आशेवर. ड्रॉवरमध्ये आज जे अर्धे तुकडे आहेत, त्यांचे जोडीदार परत आले नाहीत.

काही मुलांजवळ अशी खूण होती, काहींजवळ नव्हती. आडनाव मात्र सगळ्यांना मिळालं. ते घेऊन मुलं बाहेर पडली. कुणी चर्मकार झालं, कुणी विणकर, कुणाची नातवंडं पडद्यावर गेली. लाज म्हणून चिकटवलेला शब्द नेपल्सच्या पोरांनी इतक्या घरांत नेला, की आता तो तिथे कुणाच्या कानाला खटकतही नाही.

तेव्हा ऑफिसच्या मेलखाली कधी एस्पोझितो किंवा कोलोंबो दिसलं, तर 'तुम्ही सगळे नातेवाईक का?' असं गमतीत विचारायचा मोह आवरा. आणि आजोबांच्या लॅम्ब्रेटाचा फोटो घरी असेल, तर एकदा नीट बघा. मी आमचा फोटो पुसून परत भिंतीवर लावला. आजोबांना इन्नोचेंतीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आडनाव कुणी दिलं ते राहू दे गं. चालवलं कसं ते बघ. गाडी एकदाही बंद पडली नाही."

चौकट : आडनाव ऐका, शहर ओळखा!

● एस्पोझितो – नेपल्स आणि कंपानिया. अर्थ : बाहेर ठेवलेला.
● देल्यी एस्पोस्ती – बोलोन्या. त्याच शब्दाचं उत्तरेतलं रूप. अभिनेत्री पिएरा देल्यी एस्पोस्ती (१९३८-२०२१) याच शहराची.
● इन्नोचेंती, नोचेंतीनी – फ्लोरेन्स आणि तोस्काना. अर्थ : निष्पाप.
● प्रोयेत्ती – रोम आणि उम्ब्रिया. अर्थ : टाकलेला.
● कोलोंबो – मिलान आणि लोंबार्दी. अर्थ : कबुतर. मात्र हे आडनाव त्याहून जुनंही आहे. अमेरिकेला पोचलेला जेनोआचा कोलंबस हाही कोलोंबोच!