फ्रेंचचा विद्यार्थी आणि ‘तू’चा प्रश्न

फ्रेंच ही बंगल्यातल्या मुलांची भाषा, असा समज आपल्या वस्त्यांतून आहे. तो अकारण नाही. शहरातल्या मोजक्या शाळा-महाविद्यालयांत ती शिकवली जाते आणि तेथे बहुधा भरघोस गुण देणारा विषय एवढीच तिची ओळख असते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. फ्रेंच घेतो म्हटल्यावर वडिलांनी विचारले, “याने पोट भरंल का?” प्रश्न रास्त होता. भाषांतर, अध्यापन, पर्यटन, परदेशी कंपन्या या ठिकाणी या भाषेला काम आहे, हे त्याचे उत्तर. पण ते अर्धेच उत्तर झाले.

पदवीला फ्रेंच मुख्य विषय घेणे म्हणजे केवळ बोलायला शिकणे नव्हे. भाषा, साहित्य, इतिहास आणि भाषांतर असा तो अभ्यास असतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तो मुळाक्षरांपासून सुरू होतो. आधी फ्रेंच यावी लागत नाही.

पहिल्याच धड्यात दोन सर्वनामे येतात. ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही. इंग्रजीतून शिकणारी मुले येथे अडखळतात. आपल्या मुलांना मात्र फोड करून सांगावी लागत नाही. गावातल्या कालच्या पोराने आपल्या म्हाताऱ्या आजाला ‘अरे-तुरे’ केलेले त्यांनी घरी ऐकलेले असते. फ्रेंच राज्यक्रांतीत, 1793 साली, सर्वांनी एकमेकांना ‘त्यू’च म्हणावे असा आग्रह धरला गेला. श्रेष्ठ-कनिष्ठ भाव भाषेतूनच उपटावा, हा त्यामागचा हेतू.

परंतु त्याच फ्रान्सने 1794 साली वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली आणि नेपोलियनने 1802 साली ती पुन्हा लादली. वसाहतींत ‘त्यू’ समतेचा उरला नाही. मार्टिनिक बेटावर जन्मलेल्या फ्रान्झ फॅननने 1952 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या ग्रंथाचा आरंभच भाषेच्या प्रकरणाने केला. गोरे डॉक्टर अरब रुग्णाला सर्रास ‘त्यू’ म्हणतात, हे त्याने तेथे नोंदवले. एमे सेझेर आणि सेंगोर हे पॅरिसमध्ये शिकायला आलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी. 1930 नंतरच्या दशकात त्यांनी मालकाच्याच भाषेत आपल्या काळेपणाचा उच्चार केला. पुढे 1960 साली सेंगोर स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. हे लेखन फ्रेंच साहित्याच्या अभ्यासाबाहेरचे नाही, त्याचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे बाबासाहेबांनी 1954 साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने फ्रेंचच्या वर्गात याचक म्हणून बसण्याचे कारण नाही. तो स्वतःचा प्रश्न घेऊन बसतो.

कृष्णवर्णीय साहित्याशी आपण नाते जोडले ते बहुतांशी इंग्रजीच्या मध्यस्थीने. फॅनन, सेझेर मुळातून मराठीत आणायचे आणि आपले साहित्य थेट फ्रेंचमध्ये न्यायचे, तर त्यासाठी आपल्यातलीच माणसे तयार व्हावी लागतील. बारावीच्या मुलांना वाटा दाखवणाऱ्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी ही वाटही दाखवावी.