अर्थ वर, फेज उजवीकडे

सॉकेटचं मोठं भोक वरच का, असं विचारलं की बहुतेक वायरमन ‘तसंच असतं’ म्हणून मोकळे होतात. भिवंडीत कामतघरच्या एका फ्लॅटमध्ये वायरिंग चालू होती. तिथल्या वायरमनने मात्र हातातलं काम थांबवून प्लग टॉप समोर धरला. अर्थची पिन जाड आणि लांब. सहा अँपिअरच्या प्लगला बाकीच्या दोन पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या, ही ७ च्या आसपास. लांब असल्यामुळे प्लग लावताना अर्थ आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. जाड असल्यामुळे ती फेजच्या भोकात शिरतच नाही. शटरच्या बऱ्याच सॉकेटांत आतला पडदाही हीच पिन सरकवते.

ही गोल पिनांची रचना इंग्रजांची. बीएस ५४६ हे त्यांचं मानक १९३४ चं. ब्रिटनने १९४७ मध्ये चपट्या पिनांचं नवं मानक आणलं, आपण जुन्यावरच राहिलो. आपलं आयएस १२९३ त्याच घराण्यातलं. समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, हा क्रमही तिथलाच. अमेरिकेत तीन पिनांचं सॉकेट कुठल्या बाजूने बसवायचं याचं बंधन तिथल्या विद्युत संहितेत नाही. त्यामुळे तिथे हा वाद अजून रंगतो.

भिंतीला झिरी मारून पाइप आणि मेटल बॉक्स आधीच बसवले होते. बॉक्समधून तीन वायरी बाहेर आल्या होत्या : लाल, काळी, हिरवी. वायरमनने टोकं सोलली, तांब्याचे धागे पिळून एकत्र केले आणि सॉकेट पालथं केलं. खरी गफलत इथेच होते. मागून बघताना उजवं-डावं उलटतं. फेजचा स्क्रू आता डाव्या हाताला. म्हणून अंदाजावर न जाता स्क्रूशेजारचं अक्षर वाचायचं : एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, ई म्हणजे अर्थ. फेज स्विचमधून फिरवून एलला दिली, स्क्रू आवळले आणि प्रत्येक वायर ओढून पाहिली.

“उलटं बसवलं तर शॉक लागेल का?” मी विचारलं.

“नुसतं उलटं बसवून नाही लागत दादा, प्लगपण उलटाच जातो ना. पण पुढचा माणूस उजवीकडे फेज समजून जोडतो. तिथे घोळ.”

आणि तो घोळ साधा नाही. फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तरी इस्त्री तापते, मिक्सर फिरतो, कुणाला शंका येत नाही. पण उपकरणाचं बटण मग फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. बटण बंद, तरी आत करंट हजर. शिवाय आपल्या प्लग टॉपची केबल खालून निघते. सॉकेट उलटं असेल तर ती वरून निघून वाकते आणि पिनांवर ताण येतो. सैल पिन तापते, मग प्लास्टिक काळं पडतं.

लूम कामगारांच्या दाटीच्या खोल्यांत यापेक्षा धोकादायक जुगाड दिसतात. अर्थच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर दाबून शटर उघडायचं आणि दोन पिनांचा प्लग घुसवायचा. नाहीतर उघड्या वायरी आगपेटीच्या काड्यांनी खोचायच्या. सॉकेटची सगळी अक्कल त्या अर्थच्या पिनेत आहे, आणि नेमकी तीच वगळली जाते.

भिवंडीचं वीजवितरण २००७ पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून बघते. पण मीटरच्या पुढची वायरिंग घरमालकाची. तेव्हा नवं काम करून घेताना प्लेटा बसण्याआधी परवानाधारक वायरमनसोबत उभे राहा. स्विच चालू असताना टेस्टर एलच्या स्क्रूवर पेटला पाहिजे आणि स्विच बंद करताच विझला पाहिजे. एनवर तो कधीच पेटता कामा नये. अर्थिंग मात्र टेस्टरने कळत नाही, ते वेगळं मोजून घ्या. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घ्या. कामाचे शेवटचे पैसे त्यानंतरच द्या.