पहिला अंक आणि वाचकाचे पत्र

नियतकालिकाचा पहिला अंक नेहमी एकतर्फी असतो. त्यात संपादक बोलतो, लेखक बोलतो, चित्रकार बोलतो. वाचक मात्र मुका असतो. त्याचे उत्तर छापून यायचे तर दुसरा, तिसरा अंक निघावा लागतो. म्हणजे वाचकाची प्रतिक्रिया ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. ती कागद, छापखाना, वितरण आणि टिकाव यांच्याशी बांधलेली बाब आहे. ज्यांना दुसरा अंक काढू दिला जात नाही, त्यांच्या वाचकाचा आवाजही इतिहासात उमटत नाही. हे सूत्र मी अमेरिकेतील सुपरहिरोंच्या चित्रकथांच्या, त्यातही एकट्या नायकाऐवजी नायकांचा चमू घेऊन निघालेल्या मालिकांच्या आधारे मांडणार आहे.

आपल्या वैचारिक त्रैमासिकात कॉमिकची चर्चा कशाला, असा प्रश्न काहींना पडेल. त्याला माझे उत्तर असे : कविता आणि आत्मकथन माणसाच्या हाती पडते तेव्हा त्याचे मन बरेचसे घडून गेलेले असते. चित्रकथा त्याआधी येते. नायक कोण आणि नायकाच्या मागे उभा राहणारा कोण, याचा पहिला धडा मूल तिथे गिरवते. माझ्या पिढीने मराठीत 'वेताळ' वाचला. ज्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून तो आला, ते १९६४ पासून १९९० पर्यंत चालले. जंगलात राहणारा गोरा पुरुष, त्याची कवटीची गुहा, आणि त्याला अमर मानून त्याच्या आज्ञेत वागणारे बुटके काळे आदिवासी. आम्ही वस्तीतली पोरे खेळायला लागलो की प्रत्येकाला वेताळ व्हायचे असे. तो काळा आदिवासी व्हायला कुणी तयार नसे. आमच्यापैकी कुणी त्यावर पत्र लिहिले नाही. पत्र लिहिता येते, ते छापले जाऊ शकते, ही जाणीवच आम्हाला नव्हती.

अमेरिकेत ही जाणीव गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांना फार लवकर होती. 'फँटॅस्टिक फोर' या मालिकेचा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ या तारखेने निघाला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी हे त्याचे कर्ते. एक शास्त्रज्ञ, त्याची वाग्दत्त वधू, तिचा धाकटा भाऊ आणि शास्त्रज्ञाचा वैमानिक मित्र अशी ही चौकडी. अंतराळातील किरणांनी चौघांना शक्ती मिळते; पण वैमानिक बेन ग्रिम याच्या वाट्याला दगडासारखे कुरूप शरीर येते, आणि ते घेऊन जगण्याचा त्याला संताप येतो. पहिल्या अंकात या चौघांना गणवेश नव्हता. ली यांनी पुढे सांगितले आहे की वाचकांची पत्रे आली ती कौतुकाची होती, पण त्यांत गणवेशाची मागणी होती. तिसऱ्या अंकात, मार्च १९६२ मध्ये, गणवेश आला आणि त्याच अंकापासून वाचकांच्या पत्रांचे पान सुरू झाले. म्हणजे वाचकाने मागितले आणि त्याला मिळाले. गमतीची गोष्ट अशी की त्या पहिल्या पानावरचे एक पत्र कचेरीतल्याच माणसाचे होते. निर्मितीचे काम पाहणारे सॉल ब्रॉडस्की यांनी आपलेच नाव घालून ते दिले होते. पान भरण्यासाठी वाचक उभा करण्याची युक्ती आपल्याकडील संपादकांनाही अपरिचित नाही.

परंतु या पानाने एक मोठी गोष्ट केली. पत्राखाली वाचकाचे नाव आणि पत्ता छापला जाई. त्यामुळे दूरदूरच्या गावांतली मुले एकमेकांना लिहू लागली, आपली हस्तलिखिते आणि चक्रमुद्रित पत्रके काढू लागली. त्यांच्यातलेच काही पुढे या चित्रकथांचे लेखक आणि संपादक झाले. वाचकाचा लेखक होतो तो असा. ज्याचे पत्र छापले जाते, त्याला 'ही जागा माझी आहे' असे वाटते. ज्याला तसे वाटते, तो एक दिवस तिथे लिहायला बसतो. ज्याचे पत्र येतच नाही, त्याच्याविषयी मात्र दुसरेच लिहीत राहतात.

हे दुसऱ्यांनी लिहिणे कसे असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'एक्स-मेन'. हीही ली आणि कर्बी यांचीच निर्मिती. पहिल्या अंकावर सप्टेंबर १९६३ ही तारीख आहे. त्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांचा विराट मोर्चा निघाला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. या मालिकेतील नायक जन्मतःच वेगळे असतात. जन्मामुळे समाज त्यांना भितो, त्यांचा द्वेष करतो, आणि तरीही ते त्याच समाजाचे रक्षण करतात. जन्मावरून ठरणारा तिरस्कार! आपल्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. पण त्या पहिल्या चमूतील पाचही तरुण आणि त्यांचा गुरू, सगळे गोरे होते. वेदना एकाची आणि चेहरा दुसऱ्याचा. मराठी साहित्यात सहानुभूती आणि स्वानुभव यांच्यावर जो वाद आपण केला, त्याचे हे चित्ररूप आहे. सहानुभूतीला मी खोटी म्हणत नाही. पण ती वेदनेची साल सोलून घेते आणि माणूस बाहेर ठेवते.

ही मालिका चालली नाही. १९७० मध्ये नव्या कथा बंद पडून जुन्याच पुन्हा छापल्या जाऊ लागल्या. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी 'जायंट-साइझ एक्स-मेन' या अंकाने नवा चमू उभा केला. त्यात आफ्रिकन मातेची मुलगी स्टॉर्म होती. जर्मन, रशियन, जपानी होते. आणि थंडरबर्ड नावाचा अपाची, म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी होता. आता चेहरे आले, असे वाटले. पण त्याच वर्षी, मालिकेच्या ९५ व्या अंकात थंडरबर्ड मारला गेला. नवा चमू उभा राहून काही महिनेच झाले होते. मरणासाठी निवडला गेला तो भूमिपुत्र. त्याची शक्ती आणि तापटपणा इतर नायकांसारखाच असल्याने तो जास्तीचा ठरला, असे कर्त्यांच्या बाजूचे स्पष्टीकरण आहे. कथेच्या हिशेबात ते बरोबरही असेल. पण ज्या वाचकाला त्या चमूत आपला म्हणून एकच माणूस दिसत होता, त्याच्या हिशेबात सगळेच गेले. इतरांचा एक नायक मेला. त्याची जमात मेली.

येथे नावाचीही एक कथा सांगण्यासारखी आहे. 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२ व्या अंकात, जुलै १९६६ मध्ये, ब्लॅक पँथर हा आफ्रिकन राजा प्रथम आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. पुढे पक्षाच्या राजकारणाशी नाते जुळू नये म्हणून फेब्रुवारी १९७२ च्या अंकात या नायकाने आपले नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' असे घेतले. थोड्याच काळात जुने नाव परत आले, तो भाग वेगळा. पण १९७२ हे वर्ष पाहा. न्यूयॉर्कची चित्रकथा ज्या नावाला बिचकली, तेच नाव त्याच वर्षी मुंबईत आमच्या तरुणांनी छातीवर घेतले आणि दलित पँथर उभी राहिली. त्यांनी ते नाव कॉमिकमधून नव्हे, ओकलंडच्या रस्त्यावरून घेतले. ज्याला नावाची किंमत मोजावी लागते, त्यालाच त्या नावाचा अर्थ कळतो.

आता ज्यांचा दुसरा अंक निघाला नाही, त्यांच्याकडे वळू. १९४७ मध्ये फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय पत्रकार ऑरिन क्रॉमवेल इव्हान्स यांनी 'ऑल-निग्रो कॉमिक्स' या नावाचा अंक काढला. किंमत १५ सेंट. लेखक कृष्णवर्णीय, चित्रकार कृष्णवर्णीय, नायक कृष्णवर्णीय. त्यात एक गुप्तहेर होता आणि 'लायन मॅन' नावाचा आफ्रिकेत काम करणारा शास्त्रज्ञ नायक होता. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती. पण इव्हान्स यांना कागद मिळेना. कागद विकणारे विकेनात. अंक निघाला नाही. पहिल्या अंकाच्या वाचकांना काय वाटले असेल? कुणा मुलाने पेन्सिलीने पत्र लिहिलेही असेल. ते छापायला पानच उरले नव्हते. या ठिकाणी मला 'मूकनायक' आठवतो. ३१ जानेवारी १९२० रोजी त्याचा पहिला अंक निघाला, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. कागद न देणे आणि जाहिरात न घेणे या एकाच जातीच्या कृती आहेत. लेखणीवर बंदी घालायची गरज नसते. तिच्याखालचा कागद काढून घेतला की पुरते.

या पार्श्वभूमीवर १९९३ मधील 'माइलस्टोन'चा प्रयोग पाहावा लागतो. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या कृष्णवर्णीयांनी ही संस्था काढली. छपाई आणि वितरण 'डीसी' या बलाढ्य कंपनीकडे. पात्रांची मालकी आणि निर्मितीचा ताबा स्वतःकडे. त्यांच्या पहिल्या मालिकांपैकी 'ब्लड सिंडिकेट' ही चमूची कथा होती. डकोटा या कल्पित शहरातील गरीब वस्तीत दोन टोळ्यांची लढाई चालू असताना पोलीस प्रायोगिक द्रव्य मिसळलेला वायू सोडतात. अनेक मरतात. जे वाचतात, त्यांना अद्भुत शक्ती येते, आणि ते एकत्र येतात. काळे, लॅटिनो, आशियाई, बायका, समलिंगी तरुण, सगळे त्यात आहेत. ते स्वतःला तारणहार म्हणवीत नाहीत. ते टोळीच आहेत. 'एक्स-मेन'मध्ये शक्ती जन्माने येते. येथे ती राज्यसत्तेच्या गुन्ह्यातून येते. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

या पदार्पणावर प्रतिक्रिया उमटल्या त्या एकसुरी नव्हत्या. सर्वांत कडवी टीका आपल्यांतूनच आली. स्वतःच्या चित्रकथा स्वतः छापणाऱ्या काही कृष्णवर्णीय निर्मात्यांनी 'आनिया' या नावाने गट केला होता. गोऱ्या कंपनीच्या गाडीत बसून निघालेला काळा नायक खरा काळा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप आपल्याला अनोळखी नाही. दलित लेखकाने प्रस्थापितांच्या प्रकाशनसंस्थेकडे पुस्तक द्यावे की न द्यावे, पुरस्कार घ्यावा की नाकारावा, यावर आपणही रात्री जागवल्या आहेत. दुसरा प्रश्न टोळीचा. आधीच ज्यांना गुंड म्हटले जाते, त्यांचे नायकही टोळीवालेच का दाखवावेत? आपल्या वस्तीतील दारू, शिवी, मारामारी साहित्यात आली तेव्हा 'हे कशाला चव्हाट्यावर मांडता' असे आपल्यातल्याच शिकल्या-सवरल्यांनी विचारले होते.

मॅकडफी यांचे विवेचन मला येथे पटते. ते म्हणत असत की एकच काळे पात्र असले की ते माणूस राहत नाही. सगळ्या जमातीचे ओझे त्याच्या पाठीवर येते. ते रागावले तर सगळी जमात रागीट, ते चुकले तर सगळी जमात चुकार. याला उपाय एकच : पुष्कळ पात्रे. एक भित्रा, एक शूर, एक लोभी, एक विद्वान. मग त्यांतला एखादा वाईट असला तरी बिघडत नाही. चमूचे खरे महत्त्व मला यात दिसते. आपल्याकडे 'अमर चित्र कथे'ने १९७९ मध्ये बाबासाहेबांवर अंक काढला. देव, राजे आणि संत यांच्या त्या लांबलचक रांगेत तो अंक एकाकी उभा होता. एकाकी असल्यामुळे त्यातल्या बाबासाहेबांना निर्दोष पुतळाच व्हावे लागते. त्यांच्याभोवतीची माणसे, त्यांच्याशी वाद घालणारे सहकारी, महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या बायका धूसर होतात. २०११ मधील 'भीमायन'ने, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांच्या रेषेने, ही चौकट पुष्कळ मोडली. पण अशा पुस्तकांची रांग अजून व्हायची आहे.

'माइलस्टोन'च्या वाचकांचा जेफ्री ब्राउन यांनी अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचकांशी बोलून त्यांनी दाखविले की हे वाचक वर्णाचा हिशेब मांडून थांबत नव्हते. त्या काळच्या इतर चित्रकथांत फुगवलेल्या दंडांचा बाजार भरला होता. येथे बळाला बुद्धीची जोड होती, आणि पुरुषपणाचा तो निराळा अर्थ वाचकांना भावला. काळ्या पुरुषाला नुसते शरीर समजणाऱ्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे. ज्याच्या वाट्याला केवळ अंगमेहनत दिली गेली, त्या माणसाला चित्रात विचार करताना पाहणे म्हणजे काय, हे आपण जाणतो.

'ब्लड सिंडिकेट' ३५ अंकांनंतर १९९६ मध्ये थांबली. १९९७ मध्ये 'माइलस्टोन'ने चित्रकथा काढणे बंद केले. सबंध कॉमिक व्यवसायच तेव्हा कोसळला होता. पण १९४७ च्या एका अंकापासून १९९३ नंतरच्या ३५ अंकांपर्यंतचे अंतर लहान नाही. त्या ३५ अंकांत टीका करायला, भांडायला, दुसऱ्यांदा वाचायला वाचकाला अवसर मिळाला. 'फँटॅस्टिक फोर'च्या वाचकाने गणवेश मागितला होता. या वाचकाने विचारले ते वेगळे : या चमूत मी आहे का, असेन तर मला कोणी रंगविले, आणि त्या रंगाची किंमत कोणाच्या खिशात गेली?

आपल्या नियतकालिकांना यातून घेण्यासारखे आहे. आपण पहिले अंक पुष्कळ काढले. पहिल्या अंकातच संपलेली आपली नियतकालिकेही पुष्कळ आहेत. लेखक-वाचक मेळाव्यांची परंपरा आपल्याकडे निर्माण झाली ती याच गरजेतून. वाचकाला समोर बसवून त्याचे ऐकायचे होते. ती गरज संपलेली नाही. वस्तीतल्या मुलाच्या हाती उद्या आपली चित्रकथा द्यायची असेल, तर तिच्या पहिल्या अंकाबरोबरच दुसऱ्याचा कागद बाजूला काढून ठेवला पाहिजे, आणि त्यात एक पान कोरे. त्या पानावर तो मुलगा आपल्याला शिव्याही घालील. घालू द्याव्यात. पत्र छापून आले की वेताळाच्या मागे उभे राहायचे की आपला नायक आपण रेखाटायचा, हे तो स्वतः ठरवील.